मार्गारेट बोफर्टने गादीचा डाव नेमका कधी मांडला?

विचारलेला प्रश्न असा: तेराव्या वर्षी आई झालेल्या मार्गारेट बोफर्टने मुलगा जन्मल्या दिवसापासून त्याला इंग्लंडचा राजा करायचा चंग बांधला होता का? आणि त्यापायी १४८३ साली लंडनच्या टॉवरमध्ये नाहीशा झालेल्या दोन राजपुत्रांचा काटा तिनेच काढला, असं मालिकांत दाखवतात, त्यात तथ्य किती?

पहिल्याचं उत्तर 'नाही'. दुसऱ्याचं 'पुरावा नाही'. पण एवढ्यावर भागत नाही, कारण कागदांतून दिसणारी बाई मालिकेतल्या बाईपेक्षा कितीतरी चतुर आहे. मी हा काळ बरीच वर्षं शिकवते. वर्गात दर वर्षी हाच घोळ होतो: १४८५ साली मुलगा राजा झाला हे आपल्याला आधीच ठाऊक असतं, मग आपण तिथून उलटे मागे येतो आणि तिच्या प्रत्येक हालचालीत कट दिसायला लागतो. कागद तारखेने लावून वाचले की कळतं, तिची पहिली चाळीस वर्षं गादीपायी गेलेली नाहीत. ती गेली जमीनजुमला, वारसा आणि मुलाचा ताबा यांच्या खटपटीत.

तिचा जन्म ३१ मे १४४३चा, बेडफर्डशरमधल्या ब्लेट्सो इथला. वडील जॉन बोफर्ट, सॉमरसेटचे ड्यूक. फ्रान्सची मोहीम सपशेल फसवून ते परत आले आणि मुलगी वर्षाची व्हायच्या आतच वारले. त्यांनी जीव दिला अशी कुजबुज होती. मागे एकच अपत्य, म्हणजे सगळ्या दौलतीची एकटी वारस. त्या काळच्या इंग्लंडमध्ये जहागीरदार मेला आणि वारस अज्ञान असला, की त्याच्या जमिनीचं आणि लग्नाचंही पालकत्व राजाकडे जाई. राजा ते मर्जीतल्या माणसाला बहाल करी, नाहीतर चक्क विकी. मार्गारेटचं पालकत्व सफकच्या विल्यम द ला पोलला मिळालं. त्याने सहा-सात वर्षांच्या या पोरीचं लग्न आपल्याच मुलाशी लावून टाकलं. १४५० साली सफकवर पार्लमेंटने आरोप ठेवले, त्यांत या लग्नाच्या आडून तो आपल्या मुलाला गादीवर बसवू पाहतो, हाही एक होता. म्हणजे गादीचा विषय तिच्या नावाला पहिल्यांदा चिकटला तो तिला काही कळायच्या आधी, आणि दुसऱ्याच्या भांडणात.

तो हक्क तरी केवढा? बोफर्ट घराणं म्हणजे एडवर्ड तिसऱ्याचा मुलगा जॉन ऑफ गाँट आणि कॅथरीन स्विनफर्ड यांची लग्नाआधीची संतती. पुढे दोघांचं लग्न झालं आणि १३९७ साली पार्लमेंटने मुलांना औरस ठरवलं. पण १४०७ साली हेन्री चौथ्याने त्याच फर्मानाला पाचर मारली: सगळे हक्क आहेत, राजपद सोडून. ही पाचर कायद्याने टिकते का यावर आजही वाद घालता येतो. शिवाय १४५७ साली, म्हणजे मार्गारेटचा मुलगा जन्मला तेव्हा, हेन्री सहावा गादीवर होता, त्याला तीन वर्षांचा मुलगा होता, आणि बोफर्ट घराण्यातले धडधाकट पुरुषही हयात होते. या रांगेत तान्ह्या हेन्री ट्यूडरचा नंबर कुठे लागतो ते तुम्हीच बघा. त्या दिवशी त्याला राजा करायची स्वप्नं पाहायला तिला भविष्यच दिसायला हवं होतं.

आता ते बाळंतपण. १४५३ साली पहिलं लग्न मोडीत निघालं आणि हेन्री सहाव्याने तिचं पालकत्व आपल्या सावत्र भावांकडे, एडमंड आणि जॅस्पर ट्यूडरकडे, दिलं. १४५५ साली एडमंडने तिच्याशी लग्न केलं. ती बारा वर्षांची, तो चोविशी-पंचविशीतला. बाराव्या वर्षी संसार सुरू करायला चर्चचा कायदा आडवा येत नव्हता, पण शहाणी घरं तेव्हाही मुलगी मोठी होईपर्यंत थांबत. एडमंड थांबला नाही. कारण हिशेबी होतं: बायकोला जिवंत मूल झालं की तिच्या जमिनीचं उत्पन्न नवऱ्याला हयातभर मिळे, पुढे ती मेली तरी. त्याचा हिशेब त्याच्यावरच उलटला. १४५६च्या नोव्हेंबरात वेल्समध्ये कारमार्दनला तो प्लेगने गेला. सहा महिन्यांची गरोदर मार्गारेट पेम्ब्रोकच्या किल्ल्यात दिराच्या आश्रयाला गेली आणि २८ जानेवारी १४५७ रोजी तिथे हेन्री जन्मला. तिचा पुढच्या काळातला धर्मगुरू जॉन फिशर म्हणतो की ती मुळातच लहान चणीची होती, आणि त्या वयात तर फारच. एवढ्याशा देहातून मूल जन्मलं हेच नवल. तिने पुढे दोन लग्नं केली, पण पुन्हा मूल झालं नाही.

या अनुभवाबद्दल तिने स्वतः लिहिलेलं एक अक्षर सापडत नाही. पण एक कागद असा आहे की तो मी वर्गात नेहमी वाचून दाखवते. १४९८ साली लंडनमधला स्पेनचा वकील पेद्रो दे आयाला आपल्या राजा-राणीला कळवतो: हेन्री सातव्याच्या (म्हणजे मार्गारेटच्याच मुलाच्या) मुलीचं स्कॉटलंडच्या राजाशी लग्न ठरतंय, पण राजा म्हणतो, मुलीला अजून नऊ वर्षंही पुरी नाहीत, ती नाजूक आहे, आणि माझी बायको व आई दोघी या लग्नाच्या विरोधात आहेत. त्यांना भीती वाटते की लग्न लागलं तर मुलीला लगेच पाठवावं लागेल, आणि स्कॉटलंडचा राजा थांबणार नाही, तिच्या जिवाला अपाय करील. त्या मुलीचं नावही मार्गारेटच, आजीवरून ठेवलेलं. ती उत्तरेला रवाना झाली १५०३ साली, आणि घरच्यांबरोबरचा शेवटचा मुक्काम आजीच्या कॉलीवेस्टनच्या वाड्यात करून. चाळीस वर्षांपूर्वी काय घडलं होतं याची आठवण या पत्रात आहे असं मी मानते. मात्र तो माझा निष्कर्ष आहे. पत्रात तसे शब्द नाहीत.

पुन्हा १४५७. बाळंतपणाला दोन महिने होतात न होतात तोच ती जॅस्परबरोबर न्यूपोर्टजवळ बकिंगहॅमच्या ड्यूककडे निघाली, स्वतःच्या पुढच्या लग्नाची बोलणी करायला. चौदा वर्षंही पुरी झालेली नव्हती. पण विधवा वारसदारणीने आपण होऊन नवरा पाहिला नाही, तर दुसरं कोणीतरी पाहणार, हे ती तोवर शिकली होती. ड्यूकचा धाकटा मुलगा हेन्री स्टॅफर्ड याच्याशी लग्न झालं आणि बाळ पेम्ब्रोकलाच राहिलं. राजमाता म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मुलाला हाताशी धरून घडवणारी आई येते. इथे तसं काही नाही. १४६१ साली यॉर्क पक्षाची, म्हणजे हेन्री सहाव्याच्या लँकेस्टर शाखेशी गादीसाठी लढणाऱ्या राजघराण्याच्या दुसऱ्या शाखेची, सरशी झाली, एडवर्ड चौथा गादीवर आला, आणि विल्यम हर्बर्टने पेम्ब्रोक घेतलं. पाठोपाठ त्याने पाच वर्षांच्या हेन्रीचं पालकत्व १,००० पौंडांना विकत घेतलं. स्वतःच्या मुलाचा ताबा बाजारभावाने परक्याकडे गेला आणि आईला त्यात काही म्हणता येत नव्हतं. हर्बर्टच्या रॅगलन किल्ल्यात मुलगा वाढला, चांगला वाढला, हेही सांगायला हवं. १४६७ साली ती आणि स्टॅफर्ड तिथे आठवडाभर जाऊन राहिले. १४६९ साली एजकोटच्या लढाईनंतर हर्बर्टचं मुंडकं उडालं, तेव्हा मुलगा कुठे आहे हे शोधायला तिने माणसं धाडली आणि लगोलग पालकत्व परत मिळवण्याची खटपट आरंभली.

१४७०-७१चा उलथापालथीचा काळ मी भरभर सांगते, कारण तो लढायांचा आहे आणि लढायांच्या याद्या कुठेही मिळतात. हेन्री सहावा काही महिन्यांपुरता पुन्हा गादीवर आला. तेवढ्यात मायलेकांना वोकिंगच्या घरी थोडे दिवस एकत्र मिळाले. स्टॅफर्ड मात्र बार्नेटला एडवर्डच्या बाजूने लढला, जखमी झाला आणि त्याच वर्षी वारला. ट्यूक्सबरीला हेन्री सहाव्याचा मुलगा पडला, बोफर्टांचे शेवटचे पुरुषही संपले, आणि लवकरच हेन्री सहावाही टॉवरमध्ये मेला. जॅस्पर चौदा वर्षांच्या पुतण्याला घेऊन टेन्बीहून जहाजाने ब्रिटनीला पळाला. यानंतर आईची आणि मुलाची गाठ १४८५पर्यंत पडली नाही.

१४७१ नंतर हेन्री ट्यूडर लँकेस्टर पक्षाचा उरलासुरला वारस झाला, म्हणून पुष्कळजण कटाची सुरुवात इथून धरतात. कागद काय म्हणतात? १४७२ साली तिने टॉमस स्टॅनलीशी लग्न केलं. हा लँकेशरचा बडा उमराव, एडवर्ड चौथ्याच्या घरचा प्रमुख कारभारी, आणि कोणतं पारडं जड होतंय ते पाहून पाऊल टाकण्यात वाकबगार. म्हणजे ती थेट यॉर्क दरबाराच्या आत जाऊन बसली. १४८० साली एडवर्डची धाकटी मुलगी ब्रिजेट हिच्या बाप्तिस्म्याला बाळ मार्गारेटच्या हातात होतं. एवढा विश्वास तिने आठ वर्षांत कमावला होता.

आणि १४८२चा तो कागद. एडमंड ट्यूडरला अर्ल ऑफ रिचमंड केल्याची मूळ सनद तिच्याजवळ जपून ठेवलेली होती. तिच्याच पाठीवर हेन्रीला माफी देण्याचा मसुदा लिहिलेला सापडतो. त्याच वर्षी एडवर्डच्या संमतीने करारही झाला: मुलगा इंग्लंडला परत आला आणि राजाच्या मर्जीत राहिला, तर त्याला आजीच्या, म्हणजे मार्गारेटच्या आईच्या, जमिनींतला वाटा मिळेल. आता डोकं शांत ठेवून विचार करा. जी बाई मुलाला राजा करायला निघाली आहे ती विरोधी राजाकडून त्याच्यासाठी माफी कशाला लिहून घेईल? तिला हवा होता घरी परतलेला अर्ल, बापाच्या किताबासह आणि जमिनींसह. बापाच्या सनदेच्या पाठीवर मुलाची माफी, यापेक्षा स्पष्ट ती आणखी काय सांगणार?

९ एप्रिल १४८३ रोजी एडवर्ड अचानक वारला आणि करारावर पाणी पडलं. धाकटा भाऊ रिचर्ड याने पुतण्यांना टॉवरमध्ये ठेवून जूनअखेर गादी घेतली. मार्गारेटने पहिली धाव कुठे घेतली? रिचर्डकडेच. राज्याभिषेकाच्या आदल्या दिवशी, ५ जुलैला, ती नवऱ्यासह रिचर्डला भेटली, ती फ्रान्समधल्या ऑर्लियां घराण्याकडे तिच्या घराण्याचं खंडणीचं जुनं येणं थकलं होतं त्याच्या वसुलीसाठी. दुसऱ्या दिवशी वेस्टमिन्स्टरमध्ये तिने रिचर्डच्या राणीच्या, ॲनच्या, झग्याचा घोळ हाती धरला. जुने करार नव्या राजाकडून चालू ठेवायचे, हीच तिची आजवरची रीत.

डाव बदलला तो यानंतरच्या काही आठवड्यांत. राजपुत्र दिसेनासे झाले आणि ते मेले अशी बोलवा उठली. त्यांची आई एलिझाबेथ वुडव्हिल वेस्टमिन्स्टरच्या ॲबीत आश्रयाला होती. दोघींचा वैद्य एकच, लुईस कार्लिऑन नावाचा वेल्श माणूस. वैद्याच्या येण्याजाण्याला पहारेकरी हरकत घेत नसत, म्हणून निरोप त्याच्यामार्फत गेले: हेन्रीने एडवर्डच्या थोरल्या मुलीशी, एलिझाबेथ ऑफ यॉर्कशी, लग्न करायचं आणि दोन्ही पक्षांनी त्याला उचलून धरायचं. मार्गारेटचा कारभारी रेजिनाल्ड ब्रे पैसे आणि माणसं जमवत फिरला. बकिंगहॅमचा ड्यूकही (१४५७च्या ड्यूकचा नातू) बंडात आला. पावसाने आणि पुराने बंडाचा बोजवारा उडाला, २ नोव्हेंबरला बकिंगहॅमचं डोकं उडालं. तेव्हा प्रश्नाचं नेमकं उत्तर द्यायचं तर डाव मांडला गेला १४८३च्या उन्हाळ्याच्या उत्तरार्धात. मुलगा तेव्हा २६ वर्षांचा होता.

खुनाच्या आरोपाची गोम इथेच आहे. 'राजपुत्र गेल्याने फायदा कोणाचा झाला?' असं विचारून तिच्याकडे बोट दाखवतात. पण फायदा रिचर्डचा झाला, हेन्रीचा झाला, बकिंगहॅमलाही आशा असू शकत होत्या. फायदा ज्याचा गुन्हा त्याचा, असं म्हटलं तर निम्मा दरबार फासावर जाईल. टॉवरच्या किल्ल्या रिचर्डच्या माणसांकडे होत्या. आरोपाचा उगम शोधत गेलं की आपण पोहोचतो जॉर्ज बक याच्यापाशी, ज्याने १६१९च्या सुमारास, म्हणजे घटनेनंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी, रिचर्डची बाजू मांडताना एका जुन्या हस्तलिखिताचा हवाला दिला. तिच्या हयातीतल्या एकाही लेखकाने हा ठपका तिच्यावर ठेवलेला नाही. जानेवारी १४८४मध्ये रिचर्डच्या पार्लमेंटने तिला राजद्रोही ठरवलं, त्या कायद्यात तिचे गुन्हे मोजलेत: मुलाला निरोप, पत्रं आणि खुणा पाठवल्या, परकीय फौज आणायला चिथावलं, लंडनमध्ये कर्ज उभं केलं. राजपुत्रांबद्दल अवाक्षर नाही. यावर कोणी म्हणेल, तो विषय काढला असता तर मुलं मेल्याची कबुलीच रिचर्डला द्यावी लागली असती. बरोबर आहे. म्हणून या मौनाने ती निर्दोष ठरते असं मी म्हणत नाही. पण आरोप सिद्ध करायची जबाबदारी आरोप करणाऱ्यावर असते, आणि त्याच्या झोळीत काही नाही.

तिचं डोकं वाचलं ते स्टॅनलीमुळे. रिचर्डला त्याला दुखवणं परवडत नव्हतं. तिच्या जमिनी हयातभरासाठी नवऱ्याच्या नावे केल्या आणि तिला त्याच्याच नजरकैदेत ठेवलं. अशी कैद म्हणजे बोक्याला दुधाची राखण. निरोप जातच राहिले. २२ ऑगस्ट १४८५ रोजी बॉसवर्थला स्टॅनली फौजेसह कडेला उभा राहिला, त्याच्या भावाने ऐन वेळी रिचर्डवर हल्ला चढवला, आणि हेन्री राजा झाला. ३० ऑक्टोबरच्या राज्याभिषेकाला ती ढसाढसा रडली, असं फिशर नोंदवतो. आनंदाने नव्हे, चांगले दिवस आले की त्यामागून वाईट येणार, असं तिला कायम वाटे. तिचं आयुष्य पाहिलं तर यात नवल नाही.

राजाची आई झाल्यावर तिने पहिल्या पार्लमेंटकडून काय घेतलं ते बघा. नवरा जिवंत असताना लग्न न झालेल्या स्त्रीसारखी स्वतःच्या नावावर मालमत्ता बाळगायचा, व्यवहार करायचा आणि दावे लावायचा अधिकार. तेव्हाच्या इंग्लंडमध्ये लग्न झालेल्या बाईचं सारं नवऱ्याच्या हाती जाई, त्यामुळे हे अपूर्वच होतं. एका फटक्यात पालकत्व, नवरे, जप्ती या सगळ्यांतून ती मोकळी झाली. १४९९ साली स्टॅनलीच्या परवानगीने ब्रह्मचर्याचं व्रत घेऊन ती कॉलीवेस्टनला वेगळी राहू लागली आणि तिथे तिचं मंडळ आसपासच्या मुलखातले तंटे सोडवू लागलं. त्याच सुमारास सही बदलली, 'एम. रिचमंड'ची 'मार्गारेट आर.' झाली. तो 'आर' रिचमंडचा की 'रेजिना'चा, म्हणजे राणीचा, हे तिने मुद्दामच मोघम ठेवलं असावं.

सून एलिझाबेथशी तिचं कसं होतं, हेही लोक हमखास विचारतात. राजा आईच्या शब्दाबाहेर नाही आणि राणीला ते रुचत नाही, असं आयालाने लिहिलंय. नॉटिंगहॅमचा एक गृहस्थ तर राजाच्या आईने राणीशी नीट बोलू दिलं नाही म्हणून तिला अर्वाच्य शिवी घालून मोकळा झाला. पण छोट्या मार्गारेटच्या लग्नाला दोघींनी मिळून विरोध केला, हे त्याच आयालाचं पत्र सांगतं. मला तरी घर चालवणाऱ्या दोन बायकांत जेवढी कुरबूर असते त्यापेक्षा जास्त काही दिसत नाही.

मायलेकांच्या पत्रांत मात्र खरी माया आहे. ती त्याला 'माझा लाडका राजा, माझं या जगातलं सारं सुख' म्हणते आणि एक पत्र त्याच्या वाढदिवशी, 'आजच्याच दिवशी मी तुला जन्म दिला' असं आठवण करून लिहिते. गंमत म्हणजे ऑर्लियांच्या येण्याचा पाठपुरावाही या पत्रव्यवहारात चालूच असतो. तो तिला लिहितो की नजर अधू झाली आहे, स्वतःच्या हाताने हे पत्र पुरं करायला तीन दिवस लागले.

फिशरचा हवाला मी वर दोनदा दिला, म्हणून त्याबद्दल एक सावधगिरी. तो तिच्या मृत्यूनंतर महिन्याने केलेल्या प्रवचनात बोलतोय. मृताबद्दल, तेही आपल्या आश्रयदातीबद्दल, तो वाईट बोलणार नव्हता. पहाटे पाचला उठणं, अंगाला टोचणारं केसांचं वस्त्र, घरी पोसलेले बारा गरीब, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेलं, म्हणून घ्यावं. तिचं बालपण त्याने पाहिलेलं नाही. एडमंडशी लग्न करावं की नाही या प्रश्नावर सेंट निकोलसने दृष्टांत दिला, ही गोष्ट तिनेच म्हातारपणी सांगितलेली असणार, आणि तोवर मुलगा राजा होऊन गेला होता.

फिशरच्याच सांगण्यावरून तिचा पैसा केंब्रिजकडे वळला. १५०२ साली ऑक्सफर्ड आणि केंब्रिज दोन्हीकडे तिच्या नावाची धर्मशास्त्राची अध्यासनं पक्की झाली, १५०५ साली क्राइस्ट्स कॉलेज उभं राहिलं. पुढचं सेंट जॉन्स कॉलेज तिने योजलं, पण २१ एप्रिल १५०९ रोजी मुलगा गेला, आणि नातू हेन्री आठवा याचा राज्याभिषेक पाहून पाचच दिवसांनी, २९ जूनला, ती वेस्टमिन्स्टरमध्ये वारली. कॉलेजसाठी जमिनी ठेवणाऱ्या मृत्युपत्राच्या पुरवणीवर शिक्कामोर्तब व्हायचं राहून गेलं होतं. जन्मभर वारसाहक्काच्या कायद्यात जिचा हात कोणी धरला नाही, तिच्या त्या जमिनींवर नातवाने वारस म्हणून हक्क सांगितला. फिशरने खेटे घालून १५११ साली सनद तेवढी मिळवली; जमिनींच्या बदल्यात त्याला ऑस्प्रिंजचं जुनं धर्मादाय रुग्णालय आणि हायम व ब्रूमहॉल इथले जोगिणींचे मठ यांची मिळकत कॉलेजकडे वळवावी लागली.